वाढप्याचं पान

१७ ऑगस्ट १९८९. शिकागोच्या वायव्य भागातल्या कोपर्निकस सेंटरमधून एकसष्ट वर्षांचा एक धिप्पाड माणूस बाहेर पडला आणि आपल्या गाडीकडे निघाला. बाहेर म्हाताऱ्या माणसांचा घोळका उभा होता. त्यांना त्याच्याशी बोलायचं होतं, त्याला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. आत निवडक पुढाऱ्यांशी त्याचं बोलून झालं होतं. तो गाडीत बसला तशी गर्दी गाडीला भिडली. हातातले फलक काचांवर आपटू लागले. ‘भित्रा, भित्रा’ असा गलका झाला. साठी उलटलेली एक बाई सरळ बॉनेटवर आडवी झाली. ड्रायव्हरला गाडी पुढे घेता येईना. शेवटी साहेब खाली उतरले, झपाझप चालत सुटले आणि एका पेट्रोल पंपाच्या आवारातून पलीकडे निसटले. ड्रायव्हरने कशीबशी सुटका करून गाडी तिकडे आणली, साहेब आत बसले आणि गाडी निघून गेली. टीव्हीचे कॅमेरे चालूच होते. ते दृश्य साऱ्या अमेरिकेने पाहिलं.

पळणारे गृहस्थ होते डॅन रॉस्टेनकौस्की. तीस वर्षं प्रतिनिधिगृहात काढलेले आणि तिथल्या ‘वेज अँड मीन्स’ समितीचे अध्यक्ष. कराचा कायदा त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. त्यांना घाम फोडणारी माणसं विरोधी पक्षाची नव्हती. त्यांच्याच मतदारसंघातले पेन्शनर होते ते. आणि ज्या कायद्यासाठी ही धावपळ झाली तो कायदा या पेन्शनरांच्याच भल्यासाठी केलेला होता.

अमेरिकेत पासष्टीनंतर ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा मिळतो. त्यात एक मोठं भगदाड होतं. दुखणं लांबलं की विमा संपायचा आणि घरदार विकायची पाळी यायची. रेगन यांच्या मंत्रिमंडळात ओटिस बोवेन नावाचे आरोग्यमंत्री होते, स्वतः डॉक्टर. त्यांनी हे भगदाड बुजवायचं मनावर घेतलं. त्यातून झालेल्या कायद्यावर १ जुलै १९८८ रोजी रेगन यांची सही झाली. प्रतिनिधिगृहात बाजूने ३२८ आणि विरोधात ७२, सिनेटमध्ये ८६ आणि ११. इतकं एकमत अमेरिकेत क्वचित होतं. हॉस्पिटलातल्या दिवसांवरची मर्यादा गेली, डॉक्टरांच्या बिलापोटी खिशातून जाणाऱ्या रकमेला वर्षाला १,३७० डॉलरांचं कुंपण घालायचं ठरलं, औषधांचा खर्चही टप्प्याटप्प्याने मिळणार होता.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता आणि घोडं तिथेच अडलं. नवा बोजा सरकारी तिजोरीवर नको, असं रेगन यांचं म्हणणं. मग म्हाताऱ्यांचा खर्च म्हाताऱ्यांनीच उचलावा असं ठरलं. सगळ्यांना महिन्याला चार डॉलर, आणि ज्यांना आयकर भरावा लागतो अशा सुमारे चाळीस टक्क्यांवर जादा अधिभार, १९८९ साली माणशी जास्तीत जास्त ८०० डॉलर. नवराबायको दोघं असली तर दुप्पट. यातल्या अनेकांना जुन्या कंपनीकडून असाच विमा आधीपासून फुकट किंवा स्वस्तात मिळत होता. म्हणजे हातात आहे त्याचेच पैसे पुन्हा मोजायचे. आणि म्हातारपणी ज्याची खरी धास्ती असते तो नर्सिंग होमचा दीर्घ मुक्कामाचा खर्च, तो कायद्यात नव्हताच. त्यातच पत्रांच्या मोहिमा सुटल्या. ज्यांना एक डॉलरही अधिभार लागणार नव्हता त्या गरीब म्हाताऱ्यांनाही वाटू लागलं की आपल्याकडून आता आठशे उकळणार.

लोक चुकीचं समजले, असं म्हणून रॉस्टेनकौस्कींची बाजू घेता येईल. अनेक अभ्यासकांनी ती घेतलीही आहे. पण त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये आणखी काय शिजत होतं ते पाहिलं की बॉनेटवर आडवी पडलेली बाई वेगळी दिसू लागते.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला खासदारांच्या पगारवाढीचा प्रस्ताव आला होता. ८९,५०० डॉलरांवरून १,३५,००० डॉलर, म्हणजे एकदम एक्कावन्न टक्के. त्यातली मेख अशी की संसदेने ठरलेल्या दिवसापर्यंत नकार दिला नाही तर वाढ आपोआप लागू होणार होती. हात वर न करता पगार वाढवून घ्यायची सोय! रेडिओवरच्या बोलघेवड्या निवेदकांनी लोकांना सांगितलं, खासदारांना चहाच्या पुड्या पाठवा, करांविरुद्धच्या बोस्टनच्या चहा-बंडाची आठवण म्हणून. पोत्यांनी पुड्या आल्या. फेब्रुवारीत घाबरून दोन्ही सभागृहांनी वाढ फेटाळली. आणि नोव्हेंबरात? त्या एकाच महिन्यात, अधिवेशन आटोपता आटोपता दोन कामं उरकली गेली. म्हाताऱ्यांच्या विम्याचा कायदा जवळजवळ सगळाच रद्द झाला आणि खासदारांची पगारवाढ ‘नीतिमत्ता सुधारणा कायदा’ या नावाखाली मंजूर झाली. नाव ठेवणाऱ्याच्या प्रतिभेला दाद द्यायला हवी.

‘वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं’ असं आपल्याकडे म्हणतात. वाढपी स्वतःच पंगतीला बसला तर काय होतं, याची म्हण मात्र नाही. अमेरिकेच्या संसदेत पुढची तीस वर्षं हाच प्रश्न आरोग्याच्या प्रत्येक कायद्यामागून फिरत राहिला.

तसा हा प्रश्न तो देश जन्मला तेव्हापासूनचा. जेम्स मॅडिसन यांनी १७८८ साली नव्या राज्यघटनेची वकिली करताना भरवसा दिला होता, की खासदार जो कायदा करतील तो त्यांना स्वतःला आणि त्यांच्या सोयऱ्यांनाही पुरेपूर लागू होईल. व्यवहारात कामगारांचे, भेदभावाचे, कामाच्या जागच्या सुरक्षिततेचे कितीतरी कायदे संसदेने देशाला लावले आणि स्वतःला त्यातून वगळलं. ही पळवाट बंद करणारा कायदा व्हायला १९९५ उजाडलं. तो रेटणाऱ्यांत आयोवा राज्याचे एक रिपब्लिकन सिनेटर होते, चार्ल्स ग्रासली. पेशाने शेतकरी, बोलणं रोखठोक. हे नाव लक्षात ठेवावं.

खासदारांना आरोग्यसेवा मिळत होती तरी कशी, हे आता सांगितलं पाहिजे, कारण पुढची निम्मी भांडणं ते न समजताच झाली. १९६० पासून केंद्र सरकारच्या नोकरांसाठी विम्याची एक योजना आहे. तेव्हा टपाल खात्यातल्या कारकुनापासून सिनेटरपर्यंत सगळ्यांना तीच होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या योजनांमधून एक निवडायची, हप्त्याचा पाऊण हिस्सा जवळपास सरकार भरतं, उरलेला पगारातून कापला जातो. मोठ्या अमेरिकन कंपन्या आपल्या नोकरांना साधारण असंच देतात. ज्यांच्या घरचं कुणी न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहे त्यांना हे सांगायला नको. तिथे नोकरी गेल्यावर पगाराइतकाच घोर विम्याचा लागतो.

खासदारांसाठी जादा आहे ते वेगळंच. संसदेच्या इमारतीत १९२८ पासून नौदलाच्या डॉक्टरचा दवाखाना आहे. वर्षाला काही शे डॉलर भरले की तपासणी, एक्स-रे, लगेच सल्ला. ही फीसुद्धा १९९२ साली लोकांनी आरडाओरडा केल्यावर सुरू झाली. राजधानीच्या परिसरातली लष्करी हॉस्पिटलंही त्यांना खुली. ‘खासदारांना आयुष्यभर सगळं फुकट’ अशी जी वदंता अमेरिकाभर फिरते ती खोटी. पण तासन्‌तास ताटकळणं, विमा कंपनीला फोन लावून कंटाळणं, दुखण्याच्या जुन्या इतिहासावरून अर्ज फेटाळला जाणं, हे त्यांच्या वाट्याला येत नव्हतं, हे खरंच.

२००९ साली बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा साडेचार कोटींहून जास्त अमेरिकन विम्याविना होते. ज्याला एकदा कॅन्सर किंवा दमा झाला त्याला कंपन्या दारातून परत पाठवत. सुधारणेचं विधेयक समित्यांमध्ये रेंगाळलं आणि ऑगस्टच्या सुट्टीत खासदार आपापल्या मतदारसंघांत गेले. तिथे वीस वर्षांपूर्वीचं शिकागो त्यांची वाटच पाहत होतं. पेनसिल्व्हानियात लेबनन नावाच्या गावी आर्लेन स्पेक्टर या मुरलेल्या सिनेटरच्या तोंडासमोर बोट नाचवून लोक ओरडले. साउथ कॅरोलायनात एकाने बॉब इंग्लिस या खासदाराला दटावलं की माझ्या मेडिकेअरला सरकारी हात लावू नका. मेडिकेअर सरकारीच आहे हे इंग्लिस समजावत राहिले, ऐकणाऱ्याला पटेना. म्हाताऱ्या-आजाऱ्यांनी जगावं की नाही हे सरकारी ‘मृत्यूचं पंचमंडळ’ ठरवणार, अशी आवई रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी उठवली. अफवा होत्या, भाडोत्री आरडाओरडाही होता. पण त्या सगळ्या कालव्यात एक प्रश्न पुन्हापुन्हा ऐकू येत होता. ही योजना तुम्ही स्वतः घेणार का?

आयोवातल्या एका सभेत ग्रासलींना एका मतदाराने हेच उलट्या बाजूने विचारलं, तुम्हाला मिळतो तसा विमा मला का नाही? ग्रासलींनी साधं उत्तर दिलं, मिळेल की, सरकारी नोकरीत लागा. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं आणि त्यामुळेच अंगावर काटा आणणारं. नोकरी चांगली तर विमा चांगला, ही अमेरिकेची सगळी व्यवस्था त्या एका वाक्यात आली होती.

सप्टेंबरमध्ये विधेयक सिनेटच्या अर्थ समितीत आलं. ग्रासली तिथले सर्वांत ज्येष्ठ रिपब्लिकन. त्यांनी एक दुरुस्ती मांडली. नव्या कायद्याने जे विमा बाजार उभे राहणार आहेत, ज्यांना ‘एक्स्चेंज’ म्हणतात, तिथूनच खासदारांनी आणि त्यांच्या कार्यालयातल्या नोकरांनी विमा घ्यावा. सरकारी नोकरांची जुनी योजना त्यांना बंद. डेमोक्रॅट हे नाकारतील आणि मग गावोगाव सांगता येईल की बघा, स्वतःला नको ते तुमच्या गळ्यात मारतायत, असा हिशोब असल्याचं तेव्हाही बोललं गेलं. ग्रासली म्हणत, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. १९९५ पासूनची त्यांची वाटचाल पाहता ते खोटं म्हणवत नाही. डाव आणि तत्त्व एकाच ताटात असू शकतं. डेमोक्रॅटांनी काय केलं? एक शब्द न बोलता दुरुस्ती मान्य केली. आता ती कुणाच्याच गळ्यातून निघेना.

विधेयक पुढे सरकलं ते कसं, याने लोकांच्या संतापात तेल ओतलं. सिनेटमध्ये साठ मतं हवी होती आणि डेमोक्रॅटांकडे नेमकी साठच. म्हणजे प्रत्येक मताला सोन्याचा भाव. नेब्रास्काच्या बेन नेल्सन यांचं मत मिळावं म्हणून त्यांच्या राज्यातल्या गरिबांच्या विम्याचा वाढीव खर्च कायमचा केंद्राने उचलायचं ठरलं. लुइझियानाच्या मेरी लँड्र्यू यांच्या राज्याला कोट्यवधी डॉलर जादा. नेब्रास्काच्या सौद्याला लोकांनी त्या राज्याच्या टोपणनावावरून ‘कॉर्नहस्कर किकबॅक’ म्हणायला सुरुवात केली. २४ डिसेंबर २००९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास मतदान झालं. ६० विरुद्ध ३९. वेस्ट व्हर्जिनियाचे ब्याण्णव वर्षांचे रॉबर्ट बर्ड चाकाच्या खुर्चीतून मत द्यायला आले होते. नेल्सन यांचा सौदा पुढे मार्चमध्ये रद्द झाला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

२३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केली. ग्रासलींचं कलम आत होतं, पण दोन समित्यांची विधेयकं एकत्र करताना त्याची भाषा बदलली होती. मूळ दुरुस्तीत सरकारी हिस्सा चालू राहील याची तजवीज होती. अंतिम मजकुरात त्याबद्दल एक अक्षर नाही. ‘सदस्याच्या कार्यालयातले’ नोकर एवढेच शब्द आल्यामुळे समित्यांचे आणि पक्षनेत्यांच्या दालनातले नोकर, म्हणजे ज्यांनी कायद्याचा मसुदा लिहिला तेच, सुटले. ते सुटू नयेत, आणि अध्यक्ष-उपाध्यक्षही त्यात यावेत म्हणून ग्रासलींनी मार्चमध्ये आणखी एक दुरुस्ती आणली. ती पडली. एप्रिलमध्ये संसदेच्याच संशोधन विभागाने खासदारांना कळवलं की कलम केव्हापासून लागू, कुणाला लागू, याबद्दल संदिग्धता आहे. दुसऱ्यांच्या विम्याचे सोळा प्रकारे नियमन करणाऱ्या मंडळींना आपलाच विमा चालू आहे की नाही, ते कळेना.

नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा डेमोक्रॅटांनी गमावल्या. नव्याने निवडून आलेल्यांत मेरिलँडचे अँडी हॅरिस होते. भूलतज्ज्ञ डॉक्टर, ओबामांच्या कायद्याविरुद्ध प्रचार करून आलेले. नव्या सदस्यांच्या माहितीसत्रात त्यांना कळलं की शपथ घेतल्यावर विमा सुरू व्हायला साधारण महिना लागेल. त्यांनी भर सभेत विचारलं, अठ्ठावीस दिवस मी विम्याशिवाय काय करायचं? बातमी फुटली आणि आठवडाभर देश हसला. सरकारी कारभार किती ढिसाळ असतो हे दाखवायला साहेबांनी तो प्रश्न विचारला, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने केला. असेलही. पण घाबरलेला माणूस जसा बोलतो तसंच ते वाक्य ऐकू येतं, आणि मला तरी त्या क्षणी हॅरिस पहिल्यांदा आपल्यातले वाटले.

एक्स्चेंज १ ऑक्टोबर २०१३ ला उघडणार होते. त्या वर्षीच्या वसंतात संसदेच्या गल्ल्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. सरकारी हिस्सा बंद झाला तर एकट्या माणसाचे वर्षाला जवळपास पाच हजार डॉलर जाणार, कुटुंबाचे दहा हजारांच्या वर. १,७४,००० डॉलर पगाराच्या खासदाराला हे सोसेल. फोन उचलणाऱ्या, पत्रांना उत्तरं देणाऱ्या, तीस-पस्तीस हजार डॉलरांवर राबणाऱ्या पोरापोरींचं काय? अनेकांनी नोकरी सोडायची तयारी केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, कारण त्या वेळी ती फारशी कुणी म्हटली नाही. ‘खासदारांनी स्वतःला ओबामाकेअरमधून वगळलं’ हा आरोप वस्तुस्थितीच्या नेमका उलटा होता. कायद्यात मोठ्या कंपनीच्या नोकराला एक्स्चेंजमध्ये जायची सक्ती नव्हती. त्याचा कंपनीचा विमा होता तिथेच राहणार होता. सगळ्या देशात एकच मोठा मालक असा होता की ज्याच्या नोकरांना आपला जुना विमा सोडून बाजारात जावंच लागणार होतं, आणि तो म्हणजे संसद. खासदारांनी एकमेकांना पाडायला खणलेल्या खड्ड्यात त्यांचे कारकून पडले होते.

पण खड्ड्यातून बाहेर यायची पद्धत मात्र खास दरबारी होती. सरळ मार्ग असा, की सभागृहात उभं राहून म्हणायचं, कलम लिहिताना चूक झाली, दुरुस्त करतो, मत टाका. ते मत टाकायची हिंमत एकाही पक्षात नव्हती. जुलैच्या अखेरीस ओबामांनी डेमोक्रॅट सिनेटरांना सांगितलं की मी यात लक्ष घातलं आहे. ऑगस्टची सुट्टी लागली, सभागृहं रिकामी झाली, आणि त्याच आठवड्यात केंद्राच्या कर्मचारी विभागाने नियमाचा मसुदा काढला. हिस्सा पूर्वीसारखाच मिळेल. अंतिम नियमात अट एकच आली, विमा वॉशिंग्टन शहराच्या एक्स्चेंजच्या छोट्या धंदेवाल्यांच्या खिडकीतून घ्यायचा.

छोटे धंदेवाले! ही खिडकी पन्नासपर्यंत नोकर असलेल्या दुकानदारांसाठी होती. संसदेत हजारो माणसं. पुढे उघड झालेल्या अर्जांमध्ये नोकरांची संख्या लिहिली होती, पंचेचाळीस. म्हणजे जगातल्या सर्वांत ताकदवान कायदेमंडळाने किराणा दुकानाच्या रांगेत उभं राहून सवलत घेतली.

लुइझियानाचे रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड व्हिटर यांनी यावर रान उठवलं. हा हिस्सा रद्द करा, अध्यक्ष-मंत्र्यांनाही एक्स्चेंजमध्ये आणा, असं त्यांचं विधेयक. ते मताला यावं म्हणून त्यांनी सप्टेंबरमध्ये ऊर्जाबचतीचं एक निरुपद्रवी विधेयक अडवून धरलं. व्हिटर यांचं नाव २००७ साली राजधानीतल्या एका कुंटणखान्याच्या फोनयादीत सापडलं होतं. त्यावर बोट ठेवून डेमोक्रॅटांनी उलट दुरुस्ती तयार केली, की वेश्यागमनाचा सबळ संशय असलेल्या सदस्याला विम्याचा हिस्सा मिळू नये. आजारी माणसाचा विषय कुठून कुठे गेला पाहा.

३० सप्टेंबरच्या रात्री सरकारी खर्चाची मुदत संपत होती. प्रतिनिधिगृहाच्या रिपब्लिकनांनी खर्चाच्या विधेयकाला व्हिटर यांची मागणी जोडून ते २२८ विरुद्ध २०१ मतांनी सिनेटकडे पाठवलं. सिनेटने फेकून दिलं. मध्यरात्री सरकार बंद पडलं ते सोळा दिवस. सुमारे आठ लाख सरकारी नोकर घरी. आणि दुसऱ्याच दिवशी एक बातमी फुटली. ज्या सभापती जॉन बेनर यांनी ती अट जोडून पाठवली होती, त्यांच्याच दालनातली माणसं महिनोन्‌महिने सिनेटच्या डेमोक्रॅट नेत्याच्या, हॅरी रीड यांच्या माणसांशी ईमेलवर बोलत होती. विषय काय, तर तो हिस्सा कसा वाचवायचा. वर कुस्ती आणि खाली खलबत. ईमेल छापूनच आले, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती.

त्या सोळा दिवसांत स्मारकांना कुलपं होती, पण खासदारांची व्यायामशाळा चालू होती. आयोवाचे डेमोक्रॅट खासदार ब्रूस ब्रेली यांनी रेडिओवर तक्रार केली की तिथे टॉवेल मिळत नाहीत, आपले आपल्याला धुवावे लागतात. ब्रेलींना सिनेटवर जायचं होतं. काही महिन्यांनी त्यांनी वकिलांच्या एका मैफलीत ग्रासलींचा उल्लेख कायद्याच्या कॉलेजात कधीच न गेलेला आयोवाचा शेतकरी असा केला. आणि मतं मागायची आयोवात! २०१४ च्या नोव्हेंबरात ते पडले. टॉवेलने पडले की शेतकऱ्याने, हे त्यांचं त्यांना माहीत.

इकडे १ ऑक्टोबरला केंद्राचं एक्स्चेंजचं संकेतस्थळ उघडलं आणि कोसळलं. पहिल्या दिवशी त्यावरून अवघ्या सहा माणसांची नोंदणी झाली. ‘तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमचाच राहील’ असं ओबामा म्हणत आले होते. लाखो लोकांच्या घरी विमा रद्द झाल्याची पत्रं येऊन पडली. नोव्हेंबरात बेनर यांनी वॉशिंग्टनच्या एक्स्चेंजमध्ये नाव घालायचा प्रयत्न केला आणि आपला फॉर्म कसा अडकतोय ते जगाला कळवत बसले. अखेर संध्याकाळी नोंद झाली.

नंतरचं भराभर सांगता येईल. विस्कॉन्सिनचे सिनेटर रॉन जॉन्सन हिश्शाविरुद्ध कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, तुमचा यात तोटा काय झाला? फायदाच मिळतोय, मग दावा कसला? खटला निकाली. २०१५ मध्ये व्हिटर सिनेटच्या लघुउद्योग समितीचे अध्यक्ष होते. पंचेचाळीस नोकरांचा तो अर्ज कुणी भरला, नावं झाकली का, हे पाहायला त्यांनी समन्स काढायचं म्हटलं. समितीत १४ विरुद्ध ५ मतांनी ते पडलं. विरोधात त्यांच्याच पक्षाचे पाच जण होते. हे पाच जण भाषणात ओबामांचा कायदा रोज पुरत होते.

२०१७ मध्ये डाव उलटला. रिपब्लिकनांनी कायदा रद्द करायचं विधेयक आणलं. राज्यांना हवं तर किमान सुविधांचे नियम शिथिल करता येतील अशी त्यात सोय. बारीक अक्षरं वाचणाऱ्या एका पत्रकार बाईंच्या लक्षात आलं की या शिथिलतेतून खासदारांचा स्वतःचा विमा वगळलेला आहे. म्हणजे मॅटर्निटीचा खर्च तुमच्या विम्यातून गेला तरी यांच्या विम्यात राहणार. पळापळ झाली. ४ मे रोजी मूळ विधेयक २१७ विरुद्ध २१३ असं काठावर पास झालं, आणि ती सवलत काढणारं ॲरिझोनाच्या मार्था मॅकसॅली यांचं वेगळं विधेयक ४२९ विरुद्ध शून्य. शून्य! पकडले गेल्यावर वाढप्यांमध्ये एकमत व्हायला वेळ लागत नाही.

मूळ विधेयक पुढे सिनेटमध्ये मेलं. २८ जुलै २०१७ च्या पहाटे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून विरोधात मत दिलं ते दृश्य पुष्कळांना आठवत असेल. मेंदूच्या कॅन्सरचं निदान होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मला त्या दृश्यापेक्षा त्यामागचा योगायोग जास्त खुणावतो. १९८९ मध्ये म्हाताऱ्यांवरचा तो अधिभार काढून टाकायची दुरुस्ती सिनेटमध्ये याच मॅकेन यांनी मांडली होती. तेव्हाही काही सुविधा तरी वाचाव्यात अशी त्यांची धडपड होती. ती फसली आणि सगळंच गेलं. अंगठ्यानंतर दोन दिवसांत ट्रम्प यांनी धमकी दिली की खासदारांना मिळणारी ‘खिरापत’ आता बंद करतो. नियम त्यांच्याच हाताखालच्या खात्याचा होता, एका सहीत बदलता आला असता. बदलला नाही.

तर कलम आजही तसंच आहे आणि हिस्साही चालू आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ च्या जानेवारीत डेट्रॉइटमधून खासदार झाले, त्यांनाही तेच कलम लागू. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या एक्स्चेंजमधून छप्पन्न हजारांहून जास्त ग्राहकांची माहिती चोरीला गेली, त्यात खासदार होते, त्यांचे नोकर होते आणि शहरातले खरेखुरे छोटे दुकानदारही होते. ग्रासली २०२२ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, आठव्यांदा सिनेटवर निवडून आले.

रॉस्टेनकौस्कींचा शेवट वाईट झाला. १९९४ मध्ये त्यांच्यावर सरकारी पैशाच्या गैरवापराचे आरोप ठेवले गेले. त्या वेळी क्लिंटन यांचं आरोग्य विधेयक त्यांच्याच समितीत होतं आणि ते पार नेण्याची ताकद असलेला तोच एक माणूस होता. समितीचं अध्यक्षपद गेलं, विधेयकही गेलं. नंतर त्यांनी गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेले.

आणि त्या ऑगस्टमध्ये शिकागोत ज्यांनी त्यांची गाडी अडवली त्यांना जे मिळणार होतं, त्यातली औषधं मेडिकेअरमध्ये यायला २००६ साल लागलं. औषधांच्या खर्चावर वर्षाला दोन हजार डॉलरांची मर्यादा आली ती २०२५ मध्ये. डॉक्टरांच्या बिलावरचं ते १,३७० डॉलरांचं कुंपण मूळ मेडिकेअरमध्ये अजून आलेलं नाही.